वाचनात अडखळणारे मूल : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जबलपूरच्या तिलवारा घाटाच्या परिसरातील सरकारी प्राथमिक शाळेत एखादे मूल असे असते, की जे तोंडी हिशेब झरझर करते, ऐकलेली गोष्ट बारकाव्यांसकट सांगते, आणि पुस्तकातला परिच्छेद पुढे ठेवताच मात्र घामाघूम होते. ज्या नर्मदेच्या काठी ते वाढले तिचे नाव त्याच्या वहीत ‘नमर्दा’ असे उमटते, कारण रफार कोणत्या अक्षराच्या माथ्यावर द्यावयाचा हे त्याच्या ध्यानात टिकत नाही. अशा मुलाविषयी घरात, शाळेत आणि शेजारीपाजारी जी मते ऐकू येतात ती बहुतांशी निराधार आहेत, आणि त्यांच्या पायी त्या मुलाची मोलाची वर्षे फुकट जातात.

मूल मंद आहे किंवा आळशी आहे, हा समज सर्वांत जुना. परंतु त्याचे खंडन करणारा पुरावाही काही आजकालचा नव्हे. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ या नियतकालिकात पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. हा मुलगा चलाख होता, खेळात समवयस्कांच्या बरोबरीचा होता, आणि तरीही स्वतःचे नाव अक्षरांची अदलाबदल करून लिहीत असे. शिक्षण सर्वस्वी तोंडी असते तर तो शाळेतला सर्वांत हुशार विद्यार्थी ठरला असता, असा त्याच्या शिक्षकांचाच अभिप्राय होता. त्याची दृष्टीही चांगली होती, हे मुद्दाम सांगावयास हवे, कारण अक्षरे उलटसुलट लिहिणाऱ्या मुलाला पालक प्रथम चष्म्याच्या दुकानाकडे नेतात. डोळे अवश्य तपासावेत. पण डिसलेक्सिया, म्हणजे वाचनातली ही अडचण, हा नेत्रविकार नव्हे. बोललेला शब्द सुट्या ध्वनींत फोडणे आणि त्या ध्वनींची अक्षरांशी झटपट सांगड घालणे, या मेंदूच्या कार्यात ही अडचण असते, म्हणूनच रंगीत भिंगांनी वा डोळ्यांच्या व्यायामांनी ती दूर होत नाही, आणि तिच्यावर गोळीही नाही.

ही इंग्रजी शाळांतील, सुखवस्तू घरांतील तक्रार आहे, असेही अनेकांना वाटते. ‘तारे जमीं पर’ या २००७ सालच्या चित्रपटाने हा विषय घरोघरी पोहोचवला हे त्याचे मोठे ऋण, पण त्यातील मुलगाही निवासी खासगी शाळेतलाच होता. देवनागरी जशी लिहावी तशी वाचावी, मग तीत अडचण कसली, हा युक्तिवाद वरवर बिनतोड भासतो. वस्तुतः लिपी नियमबद्ध असल्याने दोष नाहीसा होत नाही, त्याचे रूप पालटते : मूल शब्द चुकतेच असे नाही, पण एकेक अक्षर लावीत इतक्या संथपणे वाचते की वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत आरंभ विसरते, ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या, जोडाक्षरे, रफार, आणि ‘भ-म’, ‘घ-ध’ यांसारखी दिसण्यात जवळची अक्षरे त्याला पुनःपुन्हा चकवतात. जबलपूरच्या मराठी कुटुंबांत तर घरी मराठी व शाळेत हिंदी असल्यामुळे सारा दोष दोन भाषांवर ढकलण्यात येतो. द्विभाषिकतेने डिसलेक्सिया होत नाही. तो असेल तर दोन्ही भाषांत दिसतो, आणि म्हणूनच दोन्हींत पारखावा लागतो. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेल्या ‘डाली’ या चाचणीसंचात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांची तजवीज आहे, ही गोष्ट येथील शिक्षकांच्या विशेष कामाची आहे.

सरकारी शाळेत खरी अडचण निराळीच असते. “आमच्याकडे पुष्कळांना वाचता येत नाही, त्यात हा एक,” असे शिक्षक म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे नसते. गैरहजेरी, घरातली निरक्षरता, एकाच खोलीत भरणारे दोन-तीन वर्ग यांमुळे मागे पडलेल्या मुलांच्या गर्दीत हे मूल लपून जाते. दोहोंमधला भेद ओळखण्याचा मार्ग मात्र शिक्षकाच्या हाती असतो. ध्वनी, अक्षर, शब्द, वाक्य या क्रमाने काही महिने नेटाने शिकविले, की ज्यांना केवळ शिक्षणाची संधी मिळाली नव्हती ती मुले बहुधा भराभर पुढे सरकतात; ज्याला त्याच शिकवणीनंतरही प्रत्येक शब्द नव्यानेच लावावा लागतो, त्याच्याविषयी शंका धरावी आणि तशी नोंद करावी. एनसीईआरटीने २०२२ साली आणलेल्या ‘प्रशस्त’ या ॲपमधील पडताळा-सूचीचा पहिला भाग वर्गशिक्षकासाठीच आहे. तिच्या आधारे निदान करावयाचे नसते, पुढील तपासणीची शिफारस करावयाची असते.

“मोठा झाला की आपोआप येईल” हा सल्ला प्रेमाने दिला जातो आणि सर्वांत अधिक नुकसान करतो. डिसलेक्सिया वयाबरोबर ओसरत नाही. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात, डिसलेक्सिया जिच्यात मोडतो त्या अध्ययन-अक्षमतेचा उल्लेखही नव्हता; २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने तिचा समावेश केला आणि ती लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापन-उपाय योजण्याचे कर्तव्य सरकारी व मान्यताप्राप्त शाळांवर टाकले. २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेप्रमाणे तिसरी इयत्ता किंवा आठवे वर्ष, यांपैकी जे आधी येईल तेव्हा शिक्षकांनी चाळणी-तपासणी करावयाची, असे ठरले. दिव्यांगत्वाचा दाखला त्यानंतरचा, परंतु दाखला नाही म्हणून मदत नाही, असा अर्थ काढणे सर्वथैव चूक आहे. पाठ मोठ्याने वाचून दाखविणे, फळ्यावरचे उतरवून घेण्यास अधिक वेळ देणे, उत्तर तोंडी घेणे, भर वर्गात उभे करून वाचावयास न लावणे, यांस कोणत्याही कचेरीची मंजुरी लागत नाही.

दाखल्याचे प्रयोजन मुख्यतः परीक्षेच्या सवलतींसाठी. महाराष्ट्राने त्या १९९६ च्या सुमारास, इतर राज्यांच्या आधी, देण्यास आरंभ केला, आणि तेव्हापासून त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप होत आला आहे. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणित दिव्यांगत्व असलेल्या परीक्षार्थीस तासामागे किमान २० मिनिटे अधिक मिळतात. प्रश्नपत्रिका तीच, उत्तरही त्याचे त्यालाच सुचावे लागते. इतरांनी जो प्रश्न एका दृष्टिक्षेपात वाचला, तो अक्षर अक्षर लावून वाचण्यात या विद्यार्थ्याची तेवढी मिनिटे आधीच खर्ची पडलेली असतात.