दोन गंधार, एक षड्ज

मंडळी, काष्टीचा जनावरांचा बाजार आपण पाहिलेला आहे. मुरलेला शेतकरी बैल टेपने मोजत नाही. चालवून बघतो, नजरेनं ठरवतो. आजचा आपला प्रश्न तसाच आहे. सुराचा खरेपणा कशाने ठरतो, कानाने की आकड्याने?

एक साधा हिशेब करू. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरा. पंचम त्याच्या दीडपट, ३६०. आता पंचमाचा पंचम घेत चला, आणि सप्तकाबाहेर गेलं की निम्मे करा. ३६० चे ५४०, निम्मे २७०: हा रिषभ. त्याचे ४०५: हा धैवत. त्याचे ६०७.५, निम्मे ३०३.७५: हा गंधार. हिशेबात चूक नाही.

आता तंबोरा छेडा. खर्जाची तार १२० वर लावली, तर तिच्यातून पाचपट म्हणजे ६०० कंपनांचा नादही उमटतो. हा तार सप्तकातला स्वयंभू गंधार. निम्मा केला की ३००.

म्हणजे षड्ज एक आणि गंधार दोन! त्यांचं गुणोत्तर ८१/८०, फरक सव्वा टक्क्याचा. दीडपटीच्या पायऱ्या कितीही चढलो तरी आपण नेमके ३०० वर पोचणार नाही, कारण दोन आणि तीनच्या गुणाकार-भागाकारात पाच हा अवयव कधी येतच नाही. हा दोष गवयाचा नाही, वाद्याचाही नाही. तो संख्येचा स्वभाव आहे.

भरताने नाट्यशास्त्रात पंचम किंचित उतरवून जो फरक दाखवला, त्याला प्रमाणश्रुती म्हणतात. भरताने आकडा दिलेला नाही. ८१/८० हे नंतरच्या अभ्यासकांचं गणित. त्या अभ्यासकांत सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल महत्त्वाचे. त्यांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक १९१० चं. त्यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची साथ घेतली, आणि क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर श्रुतींची पेटी घडवण्याचा खटाटोप केला. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावर वादही झडला.

आता आपल्या भजनातली पेटी घ्या. तिच्यात सप्तकाचे बारा सारखे भाग असतात, म्हणून तिचा गंधार साधारण ३०२.४ येतो. तो वरच्या दोन्ही गंधारांशी जुळत नाही. गाणारा ३०० वर स्थिरावला आणि पेटी ३०२.४ वर राहिली, तर सेकंदाला दोन-अडीच हेलकावे येतात. कान बेचैन होतो तो इथे. १९४० साली रेडिओने पेटी बंद केली, त्यामागच्या आक्षेपांतला हा एक.

मग पेटी फेकून द्यायची का? आमचं मत, नाही. गावोगावच्या भजनाला तिनंच आधार दिला. पण आधार म्हणजे निकाल नव्हे. तंबोऱ्यावर सूर ठेवून उभं राहायचं असेल, तेव्हा कान आणि आकडा दोघेही ३०० च सांगतात. सूर चालता असेल, मींडेत असेल, तेव्हा गळा कुठून कसा गेला हे आकड्याने नंतर मोजावं. आधी हुकूम सोडू नये. आकडा कानाच्या बेचैनीचं कारण सांगतो, कानाची जागा घेत नाही.

आज घरी एवढं करून बघा. तंबोरा लावा, पेटीचा गंधार दाबा, त्यावर आवाज लावा. मग पेटी थांबवा आणि आवाज हळूच केसभर उतरवा. हेलकावे जिथे शांत होतात, तिथे क्षणभर थांबा. आज आपण बोललो ते सगळं त्या क्षणात ऐकू येईल.