उडत्या तबकडीचा कोच कसा ओळखावा?

महाराष्ट्राला नेमबाजी नवी नाही. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, राही सरनोबत ही नावं घरोघरी पोचली आहेत. 2024 मध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझपदक मिळवलं, तेव्हा त्याला घडवणाऱ्या दीपाली देशपांडे यांचंही कौतुक झालं. पण ही सारी मंडळी रायफल-पिस्तुलाची, म्हणजे जागच्या जागी उभ्या असलेल्या लक्ष्याची. शॉटगनने उडती तबकडी फोडण्याचा खेळ, ट्रॅप आणि स्कीट, रुजला तो प्रामुख्याने उत्तरेकडे. बिकानेरच्या कर्णीसिंहांनी 1962 च्या कैरोतल्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपचं रौप्य मिळवलं, राज्यवर्धनसिंह राठोड यांनी 2004 मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपचं. आपल्याकडे एखाद्या मुलाला वा मुलीला या खेळाची ओढ लागली, तर कोच कोणता धरावा हे सांगणारं माणूस ओळखीत सहसा नसतं. मग पालक कोचची पदकं मोजतात, फी विचारतात आणि मोकळे होतात. माझ्या मते पाहायची गोष्ट वेगळीच आहे. मूल बंदूक चालवत असताना कोचची नजर कुठे असते? ती तबकडीवर कमी आणि मुलावर जास्त हवी.

असं का, ते खेळाच्या गणितातच आहे. तबकडीचा व्यास 11 सेंटिमीटर, वजन 105 ग्रॅम. ट्रॅपमध्ये ती नेमबाजापुढे 15 मीटरवर असलेल्या खंदकातून सुटून दूर जाते, स्कीटमध्ये डाव्या-उजव्या दोन घरांतून निघून आडवी जाते. समजा, 30 मीटरवर एक तबकडी सेकंदाला 20 मीटर वेगाने आडवी चालली आहे आणि छरे सरासरी सव्वातीनशे मीटर वेगाने निघाले आहेत. छरे तिथे पोचायला सेकंदाचा साधारण अकरावा भाग लागतो, तेवढ्यात तबकडी जवळपास 1.8 मीटर पुढे सरकलेली असते. म्हणजे पुढे मारायला हवं, हे उघड आहे. पण मागे उभं राहून ‘अजून दोन फूट पुढे’ असं दर बाराला ओरडणारा कोच त्या मुलाला फारसं काही देत नाही. हे अंतर प्रत्येकाला निराळं दिसतं. जो तबकडीला मागून गाठून बंदूक पुढे काढतो त्याला ते थोडंसं वाटतं, जो पहिल्यापासून बंदूक पुढेच ठेवतो त्याला बरंच वाटतं. शिवाय अंतर मोजायला गेलं की नजर तबकडीवरून नळीवर येते, हात थबकतो आणि छरे तबकडीच्या मागून निघून जातात. तबकडी कुठून हुकली हे सांगणं तुलनेने सोपं असतं. ती हुकण्याआधी गाल दस्त्यावरून उचलला गेला का, चाप दाबताना पापणी मिटली का, पावलं चुकीच्या कोनात असल्यामुळे कंबर मध्येच अडली का, हे तबकडीकडे बघणाऱ्याला कळणारच नाही.

डोळ्याचा मुद्दा तर सगळ्यांत आधीचा. रायफलला पुढेमागे दोन साइट असतात. शॉटगनला मागचं साइट नसतं, त्याचं काम नेमबाजाचा डोळाच करतो. डोळ्यापासून नळीचं टोक साधारण मीटरभर लांब. दस्ता अंगाला न बसल्यामुळे डोळा अवघा 3 मिलिमीटर सरकला, तरी 35 मीटरवर छऱ्यांचा मध्य दहा सेंटिमीटर ढळतो, म्हणजे जवळजवळ अख्ख्या तबकडीएवढा. उजव्या खांद्यावर बंदूक घेणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ असेल तर चूक याहून मोठी. हे तपासायला यंत्र लागत नाही. दोन्ही तळव्यांमध्ये छोटीशी फट ठेवून तिच्यातून दूरची एखादी खूण दोन्ही डोळ्यांनी पाहायची आणि मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला खूण फटीतच दिसत राहते, तो प्रबळ. मिनिटभराचं काम. तरीही ते न करता थेट बार काढायला लावणारे कोच असतात, आणि बिचारं मूल महिनोन्महिने स्वतःलाच दोष देत राहतं. सुरुवातीला बंदूक बहुधा क्लबची, मोठ्या माणसाच्या मापाची. तिचा दस्ता या मुलाला लांब पडतो का, हे पाहणंही कोचचंच काम आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की जो स्वतः विजेता आहे त्याच्याहून चांगलं कोण शिकवणार? आक्षेप पोकळ नाही. अमेरिकेचा व्हिन्सेंट हॅनकॉक स्कीटमध्ये चार वेळा ऑलिंपिक विजेता आहे. पॅरिसला त्याच्या मागोमाग रौप्य मिळवणारा कॉनर प्रिन्स हा त्याचाच शिष्य. 1996 मध्ये अटलांटाला स्कीटचं सुवर्ण जिंकलेले इटलीचे एन्नियो फाल्को यांनी भारतीय संघाला शिकवलं. पण अशा माणसांचा उपयोग झाला तो त्यांना स्वतःची लकब बाजूला ठेवून दुसऱ्याची चूक बघता आली म्हणून. अनेक उत्तम नेमबाजांना आपण नेमकं काय करतो हे शब्दांत सांगता येत नाही, कारण त्यांचं शरीर ते आपोआप करतं. प्रमाणपत्राचंही तसंच. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ ‘डी’पासून ‘ए’पर्यंत श्रेणीचे कोच परवाने देतो. ते असावेत, आवर्जून विचारावेत. पण त्यांवरून कोच सुरक्षित आणि शिकलेला आहे एवढं कळतं, समोरच्या मुलाकडे त्याचं लक्ष आहे की नाही हे कळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: आपल्याकडे शॉटगनच्या रेंजच मोजक्या, मग निवडायला कोच आहेत कुठे? दिल्लीची कर्णीसिंह रेंज, पतियाळा, जयपूर, भोपाळची मध्य प्रदेशची अकादमी, सैन्याचं महू. मराठी घरातून तिथे जायचं तर मुक्कामाचा खर्च आला. त्यात 1959 च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय स्वतःची शॉटगन ठेवता येत नाही. हे सगळं मान्य. पण संधी कमी आणि काडतुसं महाग म्हणूनच निवड जपून करायला हवी. चुकीची सवय हजार काडतुसांत मुरली की ती मोडायला आणखी कितीतरी हजार लागतात. जवळच्या रायफलच्या कोचकडे तात्पुरतं पाठवावं असंही काही जण सुचवतात. शिस्त आणि शस्त्राची सुरक्षितता तिथे नक्की शिकता येईल. पण श्वास रोखून साइटवर नजर खिळवायची आणि चाप हलकेच दाबायचा, ही रायफलची घट्ट सवय शॉटगनला मारक ठरते.

म्हणून फी भरण्याआधी, कोचची परवानगी घेऊन, त्याचा एक तास रेंजवर बसून पाहा. तो नवख्याच्या बंदुकीत एका वेळी एकच काडतूस भरू देतो का, 24 ग्रॅमचं हलकं काडतूस वापरतो का, जागेवर नसताना बंदूक उघडीच ठेवायला लावतो का, कानाच्या आणि डोळ्यांच्या संरक्षणाबाबत कडक आहे का, हे बघा. तबकडी फुटल्यावरही तो ‘आता काय केलंस?’ असं विचारतो का, याकडे खास लक्ष द्या. फुटलेल्या तबकडीचं कारण मुलाला सांगता आलं, तर ती पुन्हा फोडता येते. आणि पहिल्या दिवशी बंदूक हातात देण्याआधी ज्याने मुलाचा प्रबळ डोळा तपासला नाही, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी जाऊ नका.