क्रँक पुलीला ‘पिन मारणे’ म्हणजे काय? गॅरेजमध्ये होकार देण्याआधी हे समजून घ्या

एसी लावला की बेल्ट चिरकतो, बॅटरीचा लाल दिवा मध्येच लागतो, गाडी उभी असताना इंजिनाच्या पुढच्या बाजूने ठकठक ऐकू येते. लोह्यासारख्या तालुक्याच्या गावी अशी गाडी गॅरेजला नेली, तर ‘पुली शाफ्टवर फिरतेय, भोक पाडून पिन मारू’ असा सल्ला मिळू शकतो. नांदेड किंवा लातूरहून नवीन पुली मागवण्यापेक्षा हे झटपट आणि स्वस्त वाटते. मात्र पिन एकाच बिघाडावर चालते. तोच बिघाड आपल्या गाडीत आहे का, हे आधी पाहायला हवे.

ही नुसती पुली नाही

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा इंधन पेटते. म्हणजे ३००० आरपीएमला सेकंदाला १०० धक्के. प्रत्येक धक्क्याला पोलादी शाफ्ट किंचित पिळला जातो आणि पुन्हा सुटतो. झोपाळ्याला ठरावीक वेळी धक्का देत राहिले की झोका चढत जातो. तसेच काही ठरावीक वेगांना ही कंपने वाढतात आणि शाफ्टला तडाही जाऊ शकतो.

ब्रिटिश अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर डॅम्परचा तोडगा काढला. आज अनेक गाड्यांत त्याच कल्पनेचे रबरी रूप दिसते. आत शाफ्टवर बसणारा हब, मधे रबर आणि बाहेर जड कडे. यालाच हार्मोनिक बॅलन्सर म्हणतात. अल्टरनेटर आणि एसीचा बेल्टही याच कड्यावरून फिरतो.

नेमके काय सरकले?

इंजिन बंद आणि थंड असताना बोल्टच्या डोक्यापासून हब, रबर आणि बाहेरच्या कड्यापर्यंत रंगाची एक सरळ रेघ ओढायला सांगा. काही दिवस गाडी चालवून ती पुन्हा पाहा.

हब आणि कडे यांच्यामधली रेघ तुटली असेल, तर रबर सुटले आहे. इथे पिनचा काहीच उपयोग नाही, कारण पिन हबला शाफ्टशी जोडते, कड्याला हबशी नाही. अशा वेळी पुली बदलणे हाच उपाय.

बोल्ट आणि हब यांच्यामधली रेघ तुटली असेल, तर बोल्ट सैल झाला आहे किंवा हब शाफ्टवर सरकतो आहे. पुली काढून चावी, तिची खाच आणि शाफ्टचे टोक तपासावे लागते. नुसती चावी झिजली असेल, तर नवी चावी आणि नवा बोल्ट पुरेसा ठरू शकतो.

पिन कधी आणि कशी?

अमेरिकेत सुपरचार्जर बसवलेल्या व्ही-८ इंजिनांना पिन मारण्याची पद्धत जुनी आहे. सुपरचार्जर बेल्टवर चालतो, त्यामुळे पुलीवर मोठा ताण येतो. त्यातच जनरल मोटर्सच्या एलएस इंजिनांत बॅलन्सरला चावीच नसते. घट्ट बसणी आणि बोल्टचा दाब एवढ्यावरच तो टिकतो. आपल्याकडच्या रोजच्या गाडीला याची गरज क्वचितच पडते. शाफ्टवरची खाच फाटली असेल, पण हबची बसणी अजून घट्ट असेल, तरच विचार करावा. कारण क्रँकशाफ्ट बदलायचा तर पूर्ण इंजिन उघडावे लागते.

भोक शाफ्टला समांतर, अर्धे शाफ्टमध्ये आणि अर्धे हबमध्ये पडते. दोन्ही धातूंचा कडकपणा वेगळा असल्याने ड्रिल नरम बाजूला सरकते. म्हणून हाताच्या अंदाजावर हे काम होत नाही, त्याला जिग लागतो. आधी थोडे लहान भोक, मग रीमरने नेमके माप आणि शेवटी कडक पोलादाची पिन. लोखंडाचा कीस ऑइल सीलमध्ये जाता कामा नये. छोट्या गाड्यांत इंजिन आडवे असते, त्यामुळे चाक काढूनही ड्रिलला जागा अपुरी पडते.

पिन मारली तरी बोल्ट टॉर्क रेंचनेच, कंपनीने दिलेल्या मापाला आवळावा लागतो. हब सैल राहिला, तर ती पिनही कापली जाते.

वेल्डिंगला नाही म्हणा

‘दोन टाके मारून देतो’ हा सल्ला महागात पडतो. उष्णतेने रबर आणि सील जळते, शाफ्ट तडकू शकतो आणि पुढे सील बदलायची वेळ आली तर पुली निघतच नाही.

दुर्लक्षही परवडणारे नाही. काही इंजिनांत टायमिंगचे चक्र याच बोल्टच्या दाबाने धरलेले असते. ते सरकले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि पुलीचे काम थेट इंजिनाच्या कामावर जाते.

म्हणून होकार देण्याआधी मेकॅनिकला तीन गोष्टी विचारा. रबर सुटले आहे की हब सरकला आहे? जिग आहे का? बोल्ट नवा टाकणार का? एकाचेही उत्तर गुळमुळीत आले, तर नवीन पुली येईपर्यंत गाडी उभी ठेवणेच स्वस्त पडेल.