विमानातून उतरल्यानंतरचे तीन तास

निगडी, भोसरी किंवा चाकणच्या माणसाचा परदेशप्रवास विमानतळावर संपत नाही. मुंबईला उतरायचं, बॅगा टॅक्सीच्या डिकीत टाकायच्या, द्रुतगती मार्गाने घाट चढायचा आणि तीनेक तासांनी घर गाठायचं, हा इथला ठरलेला क्रम. पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून परदेशी उड्डाणं मोजकीच, कारण ते मुळात हवाई दलाचं ठाणं. चाकण-राजगुरुनगर भागात व्हायचा आंतरराष्ट्रीय विमानतळ वर्षानुवर्षं कागदावर राहिला आणि २०१६मध्ये पुरंदरकडे वळला. फोक्सवॅगन, मर्सिडीज, बजाजचे कारखाने शेजारी असूनही जर्मनीला निघालेला इथला इंजिनिअर आधी मुंबईची गाडी ठरवतो. करोनाकाळातला विमानप्रवास या पट्ट्यातून पाहायचा, तर ती गाडी वगळून चालत नाही.

९ मार्च २०२० रोजी राज्यातले पहिले करोनाबाधित सापडले ते पुण्यात. सहलीच्या गटाबरोबर दुबईला जाऊन आलेलं हे जोडपं १ मार्चला मुंबईत उतरलं होतं. परदेशातून येणाऱ्या सगळ्याच प्रवाशांची तपासणी ४ मार्चपासून सुरू झाली, म्हणजे ते घरी पोचल्यावर. १० मार्चला आणखी तिघांना लागण झाल्याचं कळलं: त्यांची मुलगी, विमानातला एक सहप्रवासी आणि त्यांना मुंबईहून पुण्याला आणणारा टॅक्सीचालक. त्याच आठवड्यात पिंपरी-चिंचवडमध्येही रुग्ण आढळले, तेही दुबईच्या सहलीहून परतलेले. या सगळ्यांत परदेशी न जाता, विमानात पाऊलही न ठेवता बाधित झालेला टॅक्सीचालक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. साथीचा प्रवास त्याच्या उदाहरणातून जितका स्पष्ट दिसतो, तितका विमानतळावरच्या थर्मल गनमधून कधीच दिसला नाही.

टॅक्सीत हे का घडतं, ते हवेच्या हिशेबातून कळतं. मोठ्या प्रवासी विमानात केबिनमधली हवा साधारण दोन-तीन मिनिटांत बदलते. जवळपास निम्मी हवा बाहेरून येते, उरलेली हेपा फिल्टरमधून गाळून पुन्हा सोडली जाते. हा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. शिवाय हवा डोक्यावरून येऊन पायाशी शोषली जाते, पुढून मागे फारशी वाहत नाही. तरीही विमान निर्धोक नव्हतं. मार्च २०२०च्या सुरुवातीला लंडनहून हनोईला गेलेल्या एका विमानात एकाच प्रवाशाकडून डझनाहून अधिक जणांना लागण झाली, बहुतेक जण त्याच्याच वर्गात, त्याच्या आसपास बसलेले. तेव्हा मास्कची सक्ती नव्हती. जवळ बसणं, बराच वेळ बसणं आणि तोंड उघडं असणं, धोका या तीन गोष्टींचा होता. काचा बंद करून एसी आतल्या आत फिरवणाऱ्या टॅक्सीत या तिन्ही गोष्टी असतात आणि हेपा फिल्टर मात्र नसतो.

नियमांचा सगळा भर विमानावर राहिला. २५ मार्च २०२०पासून देशांतर्गत विमानं थांबली, ती बरोबर दोन महिन्यांनी, २५ मे रोजी, नेहमीच्या एक तृतीयांश क्षमतेने सुरू झाली. वेब चेक-इन सक्तीचं, चेक-इनला एकच बॅग, विमानात जेवण नाही. भाड्याला खालची आणि वरची मर्यादा घातली गेली. दिल्ली-मुंबईसाठी ती साडेतीन हजार ते दहा हजार रुपये होती. मधली सीट शक्य तितकी रिकामी ठेवावी आणि ते जमत नसेल तर तिथल्या प्रवाशाला अंगभर गाऊन द्यावा, असा आदेश जूनमध्ये निघाला. मास्क, फेस शिल्ड आणि गाऊन घातलेली माणसं शेजारी शेजारी बसून उडाली. उतरल्यावर डाव्या हातावर गृहविलगीकरणाचा शिक्का. मार्चमध्ये राज्य सरकारने ही पद्धत सुरू केली, तेव्हा असे शिक्के असलेल्या प्रवाशांना पालघरला रेल्वेतून उतरवल्याची बातमी सगळ्यांनी वाचली होती. शिक्क्याचा तो हात घेऊन माणूस घरी जाणार कसा, त्याला नेणाऱ्या ड्रायव्हरचं काय, याचा तितका विचार झाला नाही. काचा खाली, एसी बंद, मधे प्लास्टिकचा पडदा, हे उपाय बऱ्याच चालकांनी स्वतःच्या खिशातून केले.

विमानाचं तिकीट ज्यांच्या आवाक्यातच नव्हतं, त्यांचे हाल वेगळेच. चाकण-भोसरीतले परप्रांतीय कामगार श्रमिक रेल्वेची वाट पाहत राहिले, अनेक जण पायी निघाले. बंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलच्या माजी विद्यार्थ्यांनी पैसे गोळा करून मे २०२०च्या अखेरीस मुंबईतल्या पावणेदोनशेच्या आसपास मजुरांना विमानाने रांचीला पाठवलं. असं आणखी व्हायला हवं होतं.

पुढच्या वर्षी करोनाच्या ओमायक्रॉन प्रकारानेही विमानातून घरात जाणारी तीच वाट दाखवली. नोव्हेंबर २०२१मध्ये नायजेरियाहून पिंपरी-चिंचवडला नातेवाइकांकडे आलेल्या तिघी आणि इथल्या घरातले तिघे, असे सहा जण ५ डिसेंबरला बाधित जाहीर झाले. इथले तिघे कुठेही गेले नव्हते. पाहुणे घरी आले, एकत्र जेवले-राहिले, एवढंच. सगळे बरे झाले.

याच पट्ट्याच्या शेजारून विमानांनी नेलेली सर्वांत मोलाची गोष्ट माणसं नव्हती. १२ जानेवारी २०२१ रोजी पहाटे मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोव्हिशील्ड लसीचे तीन शीतट्रक लोहगावला निघाले. धावपट्टीच्या कामामुळे तेव्हा लोहगावची उड्डाणं रात्री आठ ते सकाळी आठ बंद असत, त्यामुळे सकाळ उजाडल्यावर पहिलं विमान दिल्लीला गेलं. त्या दिवशी नऊ विमानांतून ५६ लाख ५० हजार डोस १३ शहरांना पोचवायचं नियोजन होतं, गुवाहाटी आणि शिलाँगपर्यंत. दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमान राखत हा प्रवास झाला, तो देशाच्या विमानवाहतुकीचा त्या वर्षातला सर्वांत चांगला दिवस होता, असं मी मानतो.

ती लस कोणाला आधी मिळाली? आरोग्य कर्मचारी, मग पोलीस, सैन्यदल, पालिका आणि महसूल कर्मचारी, मग साठीपुढचे आणि व्याधी असलेले पंचेचाळिशीपुढचे. ते रास्तच होतं. पण विमानतळावरून प्रवासी आणणारा टॅक्सीचालक आघाडीच्या कर्मचाऱ्यांच्या यादीत नव्हता. पस्तिशीतल्या निरोगी चालकाला १ मे २०२१पर्यंत थांबावं लागलं, आणि दुसरी लाट तोवर महाराष्ट्रात दोन महिन्यांहून अधिक काळ उसळत होती. पुढची साथ येईल तेव्हा विमानतळाच्या नियमावलीत प्रवाशाच्या नावाखाली त्याच्या चालकाचंही नाव असलं पाहिजे, त्याच्या मास्कचा आणि चाचणीचा खर्च भाड्यात धरलेला असला पाहिजे आणि लसीच्या यादीत तो विमान कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने यायला हवा.