घाट उतरताना मोटारीत काय घडते?

मंडळी, घाटातल्या अपघाताची बातमी वर्तमानपत्रात आली की तिच्यात एक वाक्य बहुधा असतेच : 'ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला.' आपण हळहळतो आणि पान उलटतो. पण ब्रेक निकामी झाला म्हणजे नेमके काय झाले? तो मोडला, की तुटला, की कुणी काढून नेला? गावातल्या सपाट रस्त्यावर वर्षभर बिनतक्रार चाललेला ब्रेक नेमका घाटातच का दगा देतो? लग्नाचे वऱ्हाड घेऊन जाणारी जीप असो की शाळेच्या सहलीची गाडी असो, आत बसलेल्या माणसाला याचे थोडे तरी ज्ञान असावे. चालवणारा एक असतो, पण उतरायचे सगळ्यांनाच असते.

आधी एक लहानसा हिशोब करू. लोणावळा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून अधिक उंच आहे आणि खोपोली शंभर मीटरांच्याही खाली. म्हणजे बोरघाट उतरताना गाडी सरळ खाली मोजली तर निदान ५०० मीटर उतरते. माणसांनी भरलेल्या जीपचे वजन दोन टन धरा. एवढे वजन एवढ्या उंचीवरून खाली आले की त्यातून ९८ लक्ष ज्यूल ऊर्जा मोकळी होते. आकडा मोठा वाटतो, पण समजत काहीच नाही. म्हणून असे म्हणू, की आंघोळीच्या दोन बादल्या, म्हणजे सुमारे ३० लिटर पाणी, थंडगार असताना चुलीवर ठेवून खळखळून उकळी आणायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ही आहे. गाडीचा वेग वाढू द्यायचा नसेल तर ही ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. थोडी वारा खातो, थोडी टायर खातात. बाकीचीचे काय? चालकाने सगळा भार ब्रेकवर टाकला, तर ती उष्णता होऊन चाकांपाशी बसवलेल्या तळहाताएवढ्या तुकड्यांवर येते. दोन बादल्या पाणी उकळवणारा जाळ, आणि तोही वीस-पंचवीस मिनिटांत!

हे तुकडे म्हणजे ब्रेकचे पॅड आणि लायनर. लहान मोटारींत बहुतेक पुढच्या चाकांना डिस्क असते आणि मागच्यांना ड्रम. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी. तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात. ड्रम म्हणजे पालथ्या पातेल्यासारखे भांडे. त्याच्या आतून लायनर लावलेले दोन शू बाहेरच्या बाजूला फाकतात आणि भांड्याला घासतात. थाळी उघडी असल्याने तिला वारा लागतो आणि ती लवकर निवते. ड्रम झाकलेला असल्याने त्याची उष्णता आत कोंडून राहते.

आता पायाचा दाब चाकापर्यंत जातो कसा, ते पाहू. पेडलापासून चाकापर्यंत दांडी नाही, तारही नाही. मध्ये आहे एक द्रव. गॅरेजवाले त्याला ब्रेक ऑइल म्हणतात, जरी ते आपल्या इंजिनातल्या तेलासारखे तेल नव्हे. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या या द्रवाला रेटतो आणि तो दाब बारीक नळ्यांतून चारही चाकांपाशी पोहोचतो. बंदिस्त द्रवावर एका जागी दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो. चारही चाकांना असा द्रवाचा ब्रेक १९२१ साली अमेरिकेतल्या ड्यूझेनबर्ग मोटारीत आला.

गुरुजींसाठी एक प्रयोग सांगतो. औषधांच्या दुकानातून सुई नसलेल्या दोन नव्या पिचकाऱ्या आणा, एक लहान आणि एक मोठी. त्या सलाइनच्या नळीच्या तुकड्याने जोडा आणि आत पाणी भरा. हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका. एका मुलाला लहान पिचकारीचा दट्ट्या दाबायला सांगा आणि दुसऱ्याला मोठीचा दट्ट्या अडवायला सांगा. दुसरा मुलगा अंगाने दांडगा असला तरी हरतो, कारण मोठ्या दट्ट्यावर जोर अधिक येतो. त्या बदल्यात तो सरकतो मात्र थोडाच. आता नळीत थोडी हवा जाऊ द्या आणि पुन्हा दाबा. लहान दट्ट्या निम्म्यापर्यंत आत जातो, तरी मोठा ढिम्म! पाणी दाबले जात नाही, हवा दाबली जाते. हा दुसरा प्रयोग मुलांनी नीट पाहावा, कारण घाटातल्या पुष्कळशा ब्रेक फेलचे मर्म त्यातच आहे.

ते कसे, पाहा. पॅड तापले की त्यांची उष्णता हळूहळू शेजारच्या द्रवात उतरते. हा द्रव सहजी उकळत नाही. बाटलीवर 'डॉट ३' किंवा 'डॉट ४' असे लिहिलेले असते. डॉट ३ जातीचा ताजा द्रव निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये आणि डॉट ४ जातीचा २३० पर्यंत, असा दंडक आहे. पण या द्रवाला एक खोड आहे. पावसाळ्यात मीठ ओल धरते ना, तसा हाही हवेतली ओल शोषून घेतो. ओल शोषलेल्या द्रवासाठी तोच दंडक डॉट ३ ला १४० आणि डॉट ४ ला १५५ अंशांवर येतो. बाहेरून पाहिले तर पातळी बरोबर, गळती नाही, सारे ठीक. घाटात द्रव तापतो, उकळतो आणि नळीत वाफेचे बुडबुडे होतात. चालक पाय दाबतो; दाबले जातात ते बुडबुडे. पेडल मऊ पडते आणि थेट खाली टेकते. म्हणूनच हा द्रव साधारण दोन वर्षांनी पूर्ण बदलावा असे बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकांत लिहिलेले असते. पण लोक इंजिनाचे ऑइल आठवणीने बदलतात आणि हे विसरतात, कारण हे काळे पडून तक्रार करीत नाही.

दुसरा प्रकार निराळा आहे. पेडल घट्ट लागते, पण गाडी थांबत नाही. इथे द्रव शाबूत असतो. पॅडच इतके तापलेले असतात की त्यांची पकड सुटते. करपल्यासारखा उग्र वास येतो. घाटात हा वास आला की 'कुठेतरी रबर जळतंय वाटतं' म्हणून काच वर करू नका. चालकाला लगेच सांगा.

बरे, मग ही उष्णता ब्रेकवर टाकायची नाही तर टाकायची कुठे? भरलेली बैलगाडी उतारावरून नेताना गाडीवान काय करतो, ते आठवा. तो बैलांना मोकळे पळू देत नाही. त्यांना मागे रेटायला लावतो आणि भार त्यांच्या खांद्यावर घेतो. मोटारीत हे काम इंजिन करते. गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, की इंजिन गाडीला ओढायचे थांबते आणि उलट गाडीच इंजिनाला फिरवू लागते. आत हवा ओढणे, ती दाबणे, दट्ट्यांचे घासणे, या सगळ्यात गाडीचा जोर खर्ची पडतो. ती उष्णता रेडिएटरमधून आणि धुराड्यातून बाहेर जाते, ब्रेकला तिची झळ लागत नाही. गिअर जितका खालचा तितका हा अटकाव मोठा. लहान मोटारीत पहिल्या गिअरला चाकाचा एक फेरा होईतो इंजिनाचे चौदा-पंधरा फेरे होतात, पाचव्या गिअरला तीनच्या आसपास. जुन्या ड्रायव्हर मंडळींचा नियम होता : ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा. नियम चांगला आहे. मात्र आजच्या मोटारी ताकदवान असल्याने वरच्या गिअरमध्येही चढून जातात. तेव्हा उतरताना एक गिअर आणखी खाली घेण्यात कमीपणा मानू नये. आपोआप गिअर बदलणारी मोटार असेल, तर दांड्यापाशी 'एल' किंवा '२' अशी खूण असते, नाहीतर गिअर हाताने बदलण्याची सोय असते. ती दिली आहे याच कामासाठी.

आता एका खुळ्या समजुतीबद्दल बोलणे भाग आहे. उतारावर गाडी न्यूट्रल केली की डिझेल वाचते, असे मानणारे लोक वडापच्या जीपपासून भारी मोटारीपर्यंत सगळीकडे भेटतात. कार्ब्युरेटरच्या काळात त्यात थोडे तथ्य होते. पण आता इंधन किती सोडायचे ते गाडीतला लहानसा संगणक ठरवतो. गाडी गिअरमध्ये उतरत असेल आणि अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसेल, तर तो इंधन साधारणपणे पूर्ण बंद करतो, कारण इंजिन फिरते ठेवायला चाके आहेतच. न्यूट्रल केले की चाकांचा आणि इंजिनाचा संबंध सुटतो, आणि इंजिन विझू नये म्हणून त्याला पुन्हा इंधन पाजावे लागते. म्हणजे न्यूट्रलमध्ये इंधन अधिक जाते आणि इंजिनाचा अटकावही हातचा जातो. दोन्हीकडून तोटा!

काही बहाद्दर तर इंजिनच बंद करतात. पेडलाच्या पुढे बूस्टर नावाचा एक मोठा डबा असतो. इंजिन चालू असताना तो निर्वात पोकळीच्या जोरावर पायाला मदत करतो. इंजिन बंद झाल्यावर ही मदत एकदोनदा मिळते, पुढे पेडल दगडासारखे होते. स्टिअरिंगही जड होते. किल्ली काढून घेतली तर पुष्कळ गाड्यांचे स्टिअरिंग कुलूप लागून एकाच जागी अडकते, आणि घाटात पुढे वळण असतेच.

एसटीची गोष्ट थोडी वेगळी. मोठ्या बसला आणि ट्रकला द्रवाऐवजी दाबलेल्या हवेचे ब्रेक असतात. थांब्यावर बस उभी राहताना 'फिस्स' असा आवाज येतो, तो त्याच हवेचा. 'हवा गेली तर काय?' असे मुले विचारतात. टाकीतली हवा फार उतरली, तर आतली भक्कम स्प्रिंग सुटून ब्रेक आपोआप आवळते. १ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी अहमदनगर-पुणे मार्गावर धावली; त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी महामंडळाची 'शिवाई' ही विजेवरची बस सुरू झाली. विजेच्या गाडीत उतारावर मोटरच जनित्र होते आणि उतरण्याची ऊर्जा बॅटरीत परत भरते. आपल्या त्या दोन बादल्यांतले बरेचसे पाणी वाया जायचे वाचते म्हणा ना! फक्त, घाटमाथ्यावरच बॅटरी काठोकाठ भरून निघालात, तर परत भरायला जागा उरत नाही आणि सारा भार पुन्हा ब्रेकवर येतो.

निघण्याआधी चालकासमोरच्या दिव्यांकडे नजर टाका. वर्तुळात उद्गारचिन्ह असलेला लाल दिवा हँडब्रेक सोडल्यावरही जळत राहिला, तर द्रव कमी झाला आहे किंवा ब्रेकमध्ये दोष आहे. घाटात शिरू नका. 'एबीएस' लिहिलेला पिवळा दिवा त्या मानाने सौम्य. साधे ब्रेक चालतात, पण चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा बंद असते. ही यंत्रणा १९७८ साली मर्सिडीजच्या मोटारींत आली. जोराने ब्रेक मारल्यावर ती चाक सेकंदाला कितीतरी वेळा सोडते-धरते, म्हणून पेडल पायाखाली थरथरते. घाबरून पाय उचलायचा नाही. दाबून धरायचे आणि स्टिअरिंग वळवायचे.

आणि इतके करूनही पेडल खाली गेलेच तर? ते भराभर दाबत-सोडत राहावे. कधी कधी थोडा दाब परत मिळतो. एकेक करून गिअर खाली आणावा. हँडब्रेक हळूहळू ओढावा, एकदम नव्हे, नाहीतर मागची चाके घसरतात. दरीची बाजू सोडून डोंगराच्या कडेला गाडी घासत न्यावी. पत्रा जाईल, जाऊ द्या.

वेळीच वास आला आणि गाडी थांबवता आली, तर अर्धा तास तरी थांबा. तापलेल्या चाकावर पाणी ओतू नका. लोखंड एकदम आकसते आणि थाळी वाकते किंवा ड्रमला चीर जाते. गाडी गिअरमध्ये उभी करा, चाकाला दगड लावा आणि निवांत चहा घ्या. निघताना तो दगड मात्र आठवणीने रस्त्याच्या कडेला टाका. मागून अंधारात कुणीतरी दुचाकीवर येत असते.