पोलिसांची लाठी आणि वाटसरूचा कॅमेरा



रविवारीं संध्याकाळीं जुहूच्या चौपाटीवर फेरफटका करणाऱ्या कोणासही एक देखावा ओळखीचा असेल. भेळपुरीच्या गाड्यांपाशीं किंवा मोटारींच्या गर्दींत कांहीं तंटा उत्पन्न होतो, पोलीस शिपाई येतात, शब्दानें शब्द वाढतो आणि शिपायाचा हात उठतो न उठतो तोंच भोंवतालचे पन्नास हात वर जातात. त्या हातांत दगड नसतात, काठ्याही नसतात, मोबाइल असतात. दुसऱ्या दिवशीं तें चित्रण शहरभर झालेलें असतें आणि घरोघर वाद सुरू होतो : पोलिसांनीं जुलूम केला, कीं आपलें कर्तव्य केलें? ह्या वादांत त्या चित्रणाची किंमत काय, तें घेणाराचा अधिकार काय आणि त्याची जबाबदारी काय, एवढ्याच गोष्टींचा विचार आज आपणांसमोर मांडावयाचा आहे.

तिऱ्हाइतानें लाठीमार पाहावा, त्याची हकीकत जगास सांगावी आणि सत्तेला ती नकोशी व्हावी, हा प्रकार नवा नाहीं. १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहांत जुहूशेजारींच, विलेपार्ल्यास, सत्याग्रहींची छावणी होती. त्याच वर्षीं २१ मे रोजीं गुजराथेंतील धारासना येथें मिठागराकडे शांतपणें चालून जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या रांगांवर पोलिसांनीं लाठ्या चालविल्या. तेथें वेब मिलर नांवाचे अमेरिकन वार्ताहर उपस्थित होते. 'पुष्कळ लोक जखमी झाले' एवढें लिहून ते थांबले नाहींत. ते तात्पुरत्या इस्पितळांत गेले, जखमी मोजले, ते ३२० भरले, आणि दोघे मरण पावल्याचें त्यांनीं नमूद केलें. त्यांची तार अडविण्याचा प्रयत्न झाला, तरी ती हकीकत जगभर पोंचली. तिचें बळ तिच्या नेमकेपणांत होतें. काय घडलें, कोणाच्या हातून घडलें, आणि मार खाणारानें हात वर केला होता कीं नाहीं, हें सर्व तींत होतें.

आतां वाद नेमका कशाचा असतो तें पाहूं. पोलिसांनीं बळ वापरूंच नये असें कायदा म्हणत नाहीं. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४३ व्या कलमानें, अटकेस जबरीनें विरोध करणाऱ्यास पकडण्यासाठीं अवश्य ते सर्व उपाय योजण्याची मुभा पोलिसांस दिली आहे. ४६ वें कलम लगेच बजावतें कीं, इसम पळून जाऊं नये म्हणून लागेल त्याहून अधिक बंधन त्याजवर घालूं नये. पांगण्याचा हुकूम मोडला गेला, अथवा न पांगण्याचा जमावाचा निर्धार त्याच्या वर्तनावरून उघड दिसला, म्हणजे बेकायदेशीर जमाव बळानें पांगविण्याचा अधिकार १४८ व्या कलमानें येतो. सारांश, कायद्याची सारी मदार 'अवश्य' ह्या एका शब्दावर आहे. तडाखा बसला कीं नाहीं, एवढ्यानें निकाल लागत नाहीं. तो बसला तेव्हां समोरचा माणूस काय करीत होता, आधीं इशारा दिला होता काय, आणि माणूस खालीं पडल्यावरही मार चालू राहिला काय, हे प्रश्न निर्णायक होत.

ह्या प्रश्नांस दोन पक्ष दोन उत्तरें देतात. मार्च २०२० च्या अखेरीस, टाळेबंदीच्या दिवसांत, जुहूच्या नेहरूनगर वस्तींतील एक तरुण मरण पावला. पोलिसांच्या मारानें तो गेला, असा आरोप झाला; चोरीच्या संशयावरून जमावानें त्याला मारलें, असें पोलिसांकडून सांगण्यांत आलें. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढें गेलें, आणि चार पोलीस निलंबित केल्याचें राज्यशासनानें त्याच वर्षीं न्यायालयास सांगितलें. पुढें १ सप्टेंबर २०२३ रोजीं जालना जिल्ह्यांत अंतरवाली सराटी येथें उपोषणाच्या ठिकाणीं लाठीमार झाला. दगड आधीं आले, असें पोलिसांचें म्हणणें. लाठी आधीं आली, असें गांवकऱ्यांचें म्हणणें. चित्रफिती मात्र घरोघर पोंचल्या होत्या. चार दिवसांच्या आंत राज्याचे गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीं जाहीर क्षमा मागितली. जखमा दोन्ही बाजूंस होत्या. वाद राहिला तो 'आधीं काय' याचा.

चित्रण असूनही हा वाद कां उरतो, हें शाळामास्तरास सांगावें लागत नाहीं. फळ्याकडे तोंड करून लिहीत असतांना मागें गलका होतो. मास्तर वळतात, तेव्हां त्यांस दिसतो तो बहुधा दुसरा गुद्दा. पहिला दिसत नाहीं. मोबाइलचेंही तसेंच आहे. गलका झाल्यावर तो खिशांतून निघतो, म्हणून आरंभ पुष्कळदां हुकतो. पण यावरून कोणी असें समजूं नये कीं दुसरा गुद्दा खोटा. निपचित पडलेल्या माणसावर लाठी पडत असेल, तर आरंभीं कांहींही झालेलें असो, ती लाठी 'अवश्य' ठरत नाहीं.

परदेशांतील दोन उदाहरणें येथें बोधप्रद आहेत. ३ मार्च १९९१ रोजीं लॉस अँजेलिस शहरांत रॉडनी किंग नांवाच्या कृष्णवर्णी इसमास पोलिसांनीं केलेली मारहाण एका रहिवाशानें आपल्या सज्जांतून टिपली. पुढील वर्षीं खटला चालला. वकिलांनीं तीच फीत क्षण-क्षण थांबवून ज्यूरीस दाखविली आणि प्रत्येक तडाख्याचें समर्थन केलें. ज्यूरीनें पोलिसांस जवळजवळ सर्व आरोपांतून मुक्त केलें. त्यावरून उसळलेल्या दंग्यांत पन्नासांहून अधिक माणसें मेलीं. १९९३ सालीं दुसऱ्या खटल्यांत त्यांतील दोघे दोषी ठरले. फीत एकच, निवाडे मात्र दोन. उलटपक्षीं २५ मे २०२० रोजीं मिनिआपोलिस येथें जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखालीं अंत झाला. पोलिसांच्या पहिल्या पत्रकांत प्रकृति बिघडून मृत्यू आल्याचा सूर होता. तेथें उभ्या असलेल्या १७ वर्षांच्या एका मुलीनें कित्येक मिनिटांचें सलग चित्रण केलें होतें. तें प्रसिद्ध होतांच पत्रक टिकलें नाहीं, आणि एप्रिल २०२१ मध्यें तो पोलीस खुनाबद्दल दोषी ठरला. ती मुलगी मध्यें पडली नाहीं, जागेवरून हलली नाहीं आणि चित्रण तोडलें नाहीं.

आपल्याकडे असें चित्रण करणें हा गुन्हा आहे काय? सार्वजनिक रस्त्यावर पोलिसांचें चित्रण करणें हाच गुन्हा, असें सांगणारें कलम भारतीय न्याय संहितेंत नाहीं. प्रत्यक्ष पोलीस ठाण्यांत चित्रण केल्याबद्दल वर्धा येथें एका इसमावर १९२३ च्या शासकीय गुपितांच्या कायद्याखालीं गुन्हा नोंदला गेला होता. पोलीस ठाणें हें त्या कायद्यांतील 'निषिद्ध स्थान' नव्हे, असें म्हणून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें २०२२ सालीं तो रद्द केला. मात्र सरकारी नोकरास त्याच्या कामांत अडथळा करणें हा २२१ व्या कलमाखालीं गुन्हा आहे, आणि त्याच्या अंगावर जाणें हा १३२ व्या कलमाखालीं त्याहून गंभीर गुन्हा आहे. म्हणून चार पावलें मागें उभें राहून चित्रण करणारा साक्षीदार होय. शिपायाच्या तोंडाशीं मोबाइल नेऊन त्याला डिवचणारा साक्षीदार राहत नाहीं.

न्यायालयांत चित्रफीत कशी उभी राहते, याचा धडाही जालन्यांतूनच मिळतो. तेथील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीसंबंधीं अर्जुन खोतकर व कैलास गोरंट्याल यांच्यामधील वादांत निवडणूक कचेरींतील कॅमेऱ्याचें चित्रण पुढें आलें होतें. १४ जुलै २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, मूळ यंत्रच मालकानें साक्षीसह हजर केलें तर गोष्ट निराळी. एरवीं नकलेबरोबर तिच्या खरेपणाचा कायदेशीर दाखला जोडलाच पाहिजे. हाच नियम आतां भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमांत आहे. याचा व्यवहारी अर्थ असा कीं, हातोहात फिरलेली, कापलेली, संगीत चढविलेली फीत चहाच्या दुकानांत गाजेल, पण न्यायासनापुढें लंगडी पडेल.

तेव्हां आपल्या घरांतील तरुणांस आपण चार गोष्टी सांगून ठेवाव्या. चित्रण सलग करावें. वेळ आणि ठिकाण लगेच टिपून ठेवावें. मूळ चित्रण मोबाइलमधून पुसूं नये. पोलिसांनीं मोबाइल जप्त केल्यास हुज्जत न घालतां पंचनाम्याची व पावतीची मागणी करावी. आणखी एक गोष्ट सुसंस्कृत कुटुंबांस सांगणें अवश्य वाटतें. मार खाणारी स्त्री किंवा रडणारें मूल यांचा चेहरा शहरभर फिरविल्यानें त्यांचा दुसऱ्यांदा अपमान होतो. चित्रण वकिलाकडे, न्यायालयाकडे किंवा पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठीं महाराष्ट्रांत स्थापन झालेल्या राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे द्यावें. जगास दाखविण्याची घाई मागाहून.

पोलिसांनींही ह्या डोळ्यास शत्रु मानूं नये. भर उन्हांत दगड झेलून संयम राखणारा शिपाई आहे, आणि त्याचीही साक्ष हेंच चित्रण देतें. पोलीस ठाण्यांत ध्वनीसह कॅमेरे बसवावे, असा आदेश २ डिसेंबर २०२० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिला, तो भिंतीआड घडणाऱ्या गोष्टींस साक्षीदार असावा म्हणूनच. रस्त्यावर तो साक्षीदार सरकारनें नेमलेला नसतो. तो तुमच्या-आमच्या घरांतला असतो. खऱ्या साक्षीचे नियम त्यानें पाळले, तर मार खाणाऱ्या गरिबास न्याय मिळण्याची आणि निरपराध शिपायावरील बालंट टळण्याची आशा धरतां येईल.