नीलप्रकाश चिकित्सा
(प्रकाशचिकित्सा). नवजात अर्भकाच्या काविळीवर निळ्या दृश्य प्रकाशाने करण्यात येणारा उपचार. तांबड्या रक्तकोशिकांच्या विघटनातून बिलिरुबीन हे पिवळे रंगद्रव्य निर्माण होते. अर्भकाचे यकृत अपक्व असल्यामुळे ते रक्तात साचते. त्याचे प्रमाण फार वाढल्यास ते मेंदूत शिरून बहिरेपणा, हातापायांच्या अनैच्छिक हालचाली किंवा मृत्यूही ओढवतो.

इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात १९५६ मध्ये जीन वॉर्ड या परिचारिकेस असे दिसून आले की, उन्हात ठेवलेल्या अर्भकाच्या त्वचेचा पिवळेपणा उघड्या भागी कमी होतो, तर झाकलेल्या भागी तसाच राहतो. रिचर्ड क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरून दिव्यांचा पाळणा तयार केला व आपले निष्कर्ष १९५८ मध्ये प्रसिद्ध केले.

बिलिरुबीन सु. ४६० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश सर्वाधिक शोषून घेते. त्यामुळे त्याच्या रेणूची रचना बदलते व पाण्यात अधिक विद्राव्य असे समघटक तयार होतात. ते यकृतातील नेहमीच्या प्रक्रियेवाचून पित्तावाटे व मूत्रावाटे बाहेर पडतात. या उपचारात जंबुपार प्रारणाचा उपयोग केला जात नाही.

कोशिकांवरील परिणाम : निळा प्रकाश कोशिकांना सर्वस्वी निरुपद्रवी नाही. कोशिकांतील फ्लाविने व पॉर्फिरिने हा प्रकाश शोषून घेतात आणि त्यातून ऑक्सिजनाचे अतिक्रियाशील प्रकार उद्‌भवतात. प्रयोगशाळेत संवर्धित मानवी कोशिकांच्या डीएनएमध्ये अशा प्रकाशाने खंड पडल्याचे १९७० नंतरच्या दशकात आढळून आले. तथापि शरीरात प्रकाशाचा बराचसा अंश त्वचेतच शोषला जातो व कोशिकांची दुरुस्ती-यंत्रणाही कार्यरत असते. म्हणून संवर्धनातील निष्कर्ष अर्भकास जसेच्या तसे लागू पडत नाहीत. डोळ्यातील जालपटलास मात्र प्रत्यक्ष धोका असल्याने उपचाराच्या वेळी डोळे झाकणे अनिवार्य असते. जन्मजात पॉर्फिरिया असल्यास हा उपचार वर्ज्य आहे.

सुरक्षितता मात्रेवर अवलंबून असते. तीव्र उपचारात दर चौ. सेंमी.ला दर नॅनोमीटरमागे किमान ३० मायक्रोवॉट इतकी प्रकाशतीव्रता देतात. नळीच्या दिव्यांची तीव्रता वापराने घटत जाते. त्यामुळे ती मापकाने वेळोवेळी तपासावी लागते. अलीकडे एलईडी दिवे अधिक प्रचारात आले आहेत. जन्मतः १,००० ग्रॅ. वा त्याहून कमी वजनाच्या १,९७४ अर्भकांवरील अमेरिकेतील चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार लवकर व अधिक प्रमाणात दिलेल्या गटात मेंदूच्या विकासातील दोष ३० टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आले. परंतु ५०१ ते ७५० ग्रॅ. वजनाच्या अर्भकांत मृत्यूचे प्रमाण ३४ ऐवजी ३९ टक्के आढळले. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हता. तरीही अतिशय लहान अर्भकांच्या बाबतीत मात्रा काटेकोर ठेवावी, असा बोध त्यातून घेतला गेला. पुरेशा वाढीच्या अर्भकांत मात्र योग्य वेळी दिलेल्या या उपचारामुळे रक्तबदलाची गरज पुष्कळच कमी झाली आहे.

भारत शासनाच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जिल्हा रुग्णालयांतील विशेष नवजात कक्षांत प्रकाशचिकित्सेची साधने असणे अपेक्षित आहे. कोल्हापूर शहरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय हे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले प्रमुख सार्वजनिक रुग्णालय आहे. महाराष्ट्रात अर्भकास कोवळ्या उन्हात ठेवण्याची प्रथा सर्वत्र आढळते. उन्हात निळा प्रकाश असला, तरी त्याबरोबर जंबुपार व अवरक्त प्रारणही असते आणि मात्रा मोजता येत नाही. म्हणून ऊन हा या उपचारास पर्याय ठरत नाही. जन्मानंतर पहिल्या २४ तासांत कावीळ दिसल्यास, पिवळेपणा तळहात-तळपायांपर्यंत पोहोचल्यास किंवा मूल अंगावर पिईनासे झाल्यास रक्ततपासणीस विलंब करणे घातक ठरते. कारण मेंदूतील कोशिकांची अशी हानी पुढे भरून येत नाही.